घसरगुंडीवाल्याचे रसग्रहण

समीक्षक व्हायला पुष्कळ वाचावं लागतं, असा एक समज आहे. तो मी खोटा पाडलेला आहे. तीस वर्षं एका कचेरीत आवक-जावक टपालाचं रजिस्टर लिहिण्यापलीकडे साहित्याशी माझा संबंध आला नव्हता. निवृत्त झाल्यावर मात्र जिल्ह्यातल्या एका साप्ताहिकात मी 'पुस्तक-परिचय' लिहू लागलो. कारण संपादक माझे वर्गबंधू, आणि मानधन न मागणारा समीक्षक त्यांना दुसरा मिळेना. आमच्या मालवणात घरटी एक माड आणि माडागणिक एक कवी असल्यामुळे कामाला तोटा नव्हता. पण मागल्या पावसाळ्यात एका कवितासंग्रहाबद्दल 'मुखपृष्ठ आकर्षक आहे' एवढं एकच वाक्य मी मनापासून लिहिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून मासळीबाजारात मला बांगडे महाग मिळू लागले. कवीची मावशी तिसऱ्या पाटीला बसते, हे मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

तेव्हा मी ठरवलं, की यापुढे ज्याच्या लेखकाची मावशी मालवणात नाही, अशाच साहित्यकृतीवर लिहायचं. शोधता शोधता एक सापडली. ती एका अक्षराची आहे. कागदाचा खर्च नाही, प्रस्तावना नाही, 'सप्रेम भेट' नाही. आणि तिचे जनक जपानात. त्यांच्याकडचे बांगडे मला घ्यायचे नाहीत.

ही साहित्यकृती म्हणजे मोबाइलमध्ये हसऱ्या-रडक्या पिवळ्या तोंडांच्या पुढे, खेळांच्या रांगेत जो एक बर्फावरून घसरणारा इसम असतो, तो. डोळ्यांवर झापडं बांधल्यासारखा चष्मा, पायांना दोन लांब फळ्या, दोन्ही हातांत काठ्या, आणि अंगाचा रोख असा, की याला आता कुणी थांबवू नये. इंग्रजीत त्याला स्कीअर म्हणतात. मी त्याला घसरगुंडीवाला म्हणतो.

त्याची नि माझी ओळख आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर झाली. या ग्रुपवर त्रेचाळीस माणसं आहेत. त्यांतली मालवणात उरलेली पाच. बाकीची मुंबई, ठाणे, पुणे आणि टोरांटो. टोरांटोला माझा पुतण्या असतो. त्याच्या मुलाने तीन वर्षांपूर्वी पहिल्यांदा बर्फावर घसरण्याचा क्लास लावला आणि त्या आनंदात ग्रुपवर हे चित्र टाकलं. मी त्या वेळी वायरीला आमच्या आत्येकडे बसलो होतो. आत्येचं वय तेव्हा पंच्याहत्तर. एकटी राहते. विहीर, चार माड, केळी आणि एक मांजर एवढा तिचा संसार. तिने फोन हातभर लांब धरून चित्र न्याहाळलं.

"ह्यो कोण रे? दोन वल्ही घेवन चललो आसा, आणि होडी खय?"

"आत्ये, ती वल्ही न्हय, काठये. तो बर्फावरसून घसारता."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

"आणि तेच्यासाठी पैसे घालता?"

"डॉलर."

आत्ये क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "आमच्याकडे फुकट घसारतत. न्हाणीकडे येवन जा म्हणा तेका."

वाचकहो, एखाद्या कलाकृतीचा आस्वाद स्वतःच्या अनुभवविश्वातून घ्यावा, असं समीक्षक पानंच्या पानं खर्चून सांगतात. आत्येने ते उभ्या उभ्या करून दाखवलं होतं. पण मी पडलो समीक्षक. मी तिच्याकडे दुर्लक्ष करून अभ्यासाला लागलो.

आता थोडं ग्रंथकर्त्याच्या घराण्याविषयी. ही चित्रं ज्यांना इमोजी म्हणतात, ती मूळची जपानची. जपानी भाषेत 'ए' म्हणजे चित्र आणि 'मोजी' म्हणजे अक्षर. १९९९ साली तिथल्या डोकोमो या टेलिफोन कंपनीसाठी शिगेताका कुरिता या गृहस्थांनी १७६ चित्रांचा संच केला. प्रत्येक चित्राला जागा किती? बारा ठिपके लांब, बारा ठिपके रुंद. आमच्या घरासमोर तुळशीपुढे रांगोळीला याहून जास्त ठिपके लागतात. या एवढ्याशा खळ्यात त्यांनी सूर्य, पाऊस, छत्री, चहाचा कप बसवले, आणि खेळांमध्ये बेसबॉल, गोल्फ, टेनिसच्या बरोबरीने बर्फावरचं घसरणंही बसवलं. हा मूळ संच २०१६ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने आपल्या संग्रहात घेतला. म्हणजे अभिजात झाला.

आपला घसरगुंडीवाला मात्र थेट त्या घराण्यातला नव्हे. तो चुलत घराण्यातला. जपानी टीव्हीच्या प्रक्षेपणात नकाशावर दाखवायच्या ज्या खुणा होत्या, त्यांत 'इथे बर्फावर घसरण्याची सोय आहे' हे सांगणारी एक होती. ती २००९ साली युनिकोड नावाच्या जागतिक अक्षरसूचीत दाखल झाली आणि २०१५ साली तिला रीतसर इमोजी म्हणून मान्यता मिळाली. म्हणजे या नायकाचा जन्म नायक म्हणून झालेलाच नाही. तो पाटी म्हणून जन्मला. आमच्याकडे 'पुढे धोकादायक वळण आहे' अशी पाटी असते, तिच्यावरच्या वाकड्या बाणाने उद्या साहित्य संमेलनात भाषण करावं, तसला हा प्रकार.

मान्यतेच्या या राजकारणात आपण कुठे आहोत, ते बघितलं की जीव थोडा कडवट होतो. बर्फात घालायच्या फळ्या आणि बूट २०१० सालीच सूचीत गेले. आपली क्रिकेटची बॅट २०१५ साली. नारळाला २०१७ साल उजाडावं लागलं, आणि त्याच वर्षी त्याच यादीतून कोण आलं असेल? बर्फावरून ओढायची घसरगाडी, आणि बर्फावर सरकवत न्यायचा एक गोल दगड! सबंध कोकण किनाऱ्याने शतकानुशतकं ज्याच्यावर पोट भरलं, त्या नारळाला दगडाच्या शेजारी रांगेत उभं राहावं लागलं. आंबा २०१८ साली आला, रिक्षा आणि पणती २०१९ साली. फणस नाही. कोकम नाही. कबड्डी नाही. नारळी पौर्णिमेला मालवणच्या बंदरावर नारळ लढवण्याचा जो खेळ होतो, ज्यात एकाच्या हातातल्या नारळावर दुसऱ्याने नारळ हाणायचा आणि ज्याचा फुटेल तो हरला, त्या खेळाचं चित्र निघेल अशी मला आशा नाही. कारण त्यात हरलेला नारळ लगेच खाल्ला जातो. सूचीसाठी काही उरत नाही.

आणि घसरणं हे काय फक्त बर्फवाल्यांच्या बापाचं? पोफळीचं झावळ गळून पडलं की त्याच्या बुडाशी रुंद चामड्यासारखी विरी असते. आमच्या लहानपणी एकाने त्या विरीवर बसायचं आणि दुसऱ्याने झावळाचा शेंडा धरून ओढत न्यायचं. उतार असला तर ओढणाऱ्याला सुट्टी. चड्डीची मागची बाजू हेच त्या खेळाचं तिकीट. पण त्याची नोंद जपानी टीव्हीच्या नकाशात नव्हती.

आता रचनेकडे वळू. या कृतीत मला दोन दोष आढळले. पहिला असा, की माझ्या फोनवरचा घसरगुंडीवाला डावीकडे तोंड करून घसरतो. आपण लिहितो डावीकडून उजवीकडे. म्हणजे वाक्य संपवून शेवटी त्याला उभा केला, की तो उलट आपल्याच वाक्यावर घसरत येतो. २०२३ साली चालणाऱ्या, धावणाऱ्या, पांढरी काठी आणि चाकाची खुर्ची घेतलेल्या माणसांना उजवीकडे वळण्याची परवानगी मिळाली. याला मिळाली नाही. दुसरा दोष असा, की बर्फावर एकच रुंद फळी घेऊन घसरणारा जो त्याचा भाऊ आहे, त्याच्या कातडीचा रंग बदलता येतो, गोऱ्यापासून काळ्यापर्यंत. दोन फळ्यावाल्याला ती सोय नाही. तेव्हा त्याला मालवणी करून घ्यायचा मार्ग सरकारी पातळीवर तरी बंद आहे.

असल्या खेळाशी आपल्या देशाचं नातंही विरळच. हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताकडून पहिला उतरला तो जेरेमी बुजाकोव्स्की, मूळचा पोलिश, १९६४ साली. मनालीच्या शिवा केशवनने १९९८ ते २०१८ अशी सहा ऑलिंपिकं घसरगाडीवरून गाठली. २०२२ साली बीजिंगला गुलमर्गचा आरिफ खान हा भारताचा एकटा खेळाडू होता. मालवणचं कुणी नाही. आमच्याकडे जानेवारीत पहाटे पारा अठरा-एकोणीस अंशांवर आला, की लोक कानटोपी घालून, 'काय थंडी ती!' म्हणत दशावतार बघायला जातात.

अर्थाच्या बाबतीत मात्र या जातीच्या चित्रांचा भरवसा नाही. कुणी सहलीला चाललो म्हणून घालतो, कुणी शेअरबाजार गडगडला म्हणून घालतो. बर्फाच्या साध्या कणाचंच बघा. अमेरिकेच्या अमली पदार्थांविरुद्धच्या सरकारी खात्याने २०२१ साली एक तक्ता प्रसिद्ध करून पालकांना बजावलं, की हा कण पोरांच्या संदेशात कोकेनसाठी वापरला जातो. हे वाचून मी टोरांटोला तातडीने फोन लावला. पुतण्या म्हणाला, "काका, इथे खरोखरच बर्फ पडतं."

पण सांगायचा मुद्दा असा, की जपान, अमेरिका आणि युनिकोड यांना न विचारता आमच्या आत्येने या चित्राला एक पक्का अर्थ देऊन टाकला होता. पहिल्याच पावसाळ्यात ग्रुपवर तिचा आवाजी निरोप आला, "आज कोण येव नका, खळ्यात शेवाळ धरला," आणि खाली घसरगुंडीवाला. मग दूधवाला निसरून पडला, घसरगुंडीवाला. मांजर विहिरीच्या काठावरून निसरलं, घसरगुंडीवाला. तिच्या फोनवर नेहमी वापरलेल्या चित्रांची जी रांग असते, तिच्यात तो पहिल्या जागेवर जाऊन बसला. मी हा प्रकार गमतीने बघत होतो. 'लोकपरंपरेतील प्रतिमेचे अर्थांतर' असं शीर्षकही टिपून ठेवलं होतं.

गेल्या जानेवारीत एका रात्री साडेनऊला टोरांटोच्या पोराचा फोटो आला. हा आता चांगला घसरू लागला होता. पांढऱ्याशुभ्र उतारावर, चष्मा, काठ्या, फळ्या, सगळं चित्राबरहुकूम. ग्रुपवर कौतुकाचा पाऊस पडला. आत्येने पावणेदहाला आवाजी निरोप पाठवला, "सांभाळून रे बाबा. हाड मोडशीत." आणि झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा बेचाळीसला आत्येकडून एकच चित्र आलं. घसरगुंडीवाला. शब्द नाही, आवाज नाही.

ठाण्याहून तिच्या मुलाने अंगठा दाखवला. पुण्याहून पोट धरून हसणारं एक पिवळं तोंड आलं. टोरांटोच्या पोराने, तिथे रात्रीचे आठ वाजले होते, पणजीला लाल बदाम पाठवला. आणि मी? मी समीक्षक. सहा पन्नासला मी लिहिलं, 'आत्ये, तू खरी रसिक! एका चित्रात सगळं आलं!'

सगळं आलंच होतं.

सात वाजता घरातून चहा घेऊन आली ती हातात स्वतःचा फोन धरूनच. आमची ही ग्रुपवर कधी काही लिहीत नाही. मला वाटायचं, वाचतही नसावी.

"अवो, आत्ये पडली."

"कशावरून?"

"त्या पोराक काय सांगूचा ता आत्येन रात्रीच सांगल्यान. आता पयाटे परत कित्याक सांगतली? ह्या टायमाक ती न्हाणीकडे आसता. आणि ह्या चित्र तिना दुसऱ्या कसल्या अर्थान कधी घातल्यान हा?"

वाचकहो, संहिता, संदर्भ, लेखकाची शैली, पूर्वीच्या कृतींशी तुलना! तीस सेकंदांत, चहा निवायच्या आत. मी रसग्रहणाचे ग्रंथ आणून ठेवले होते. त्यांच्यावर ती हळदीच्या लोणच्याची बरणी ठेवत असे.

तिने आत्येला फोन लावला. दोनदा पूर्ण वाजला. तिसऱ्यांदा न लावता तिने आत्येच्या शेजारच्या रापणकराला लावला. तो नुकताच दर्यावरून आला होता. गडगा ओलांडून गेला. विहिरीजवळच्या धुण्याच्या दगडापाशी आत्ये बसली होती, पाठ विहिरीच्या काठड्याला टेकून. उजवं मनगट सुजलेलं, पाय हलवता येईना, चष्मा कुठे उडाला ठाऊक नाही. फोन कनवटीला होता तो डाव्या हाताने काढला. चष्म्याशिवाय अक्षरं दिसेनात, कुणाला कसा फोन लावायचा कळेना. पण ग्रुप रात्रीचा उघडाच होता, आणि पहिल्या जागेवरचं चित्र कुठे असतं ते बोटाला ठाऊक होतं. तेवढं तिने दाबलं. आणि मग फोन ओल्या दगडावरून निसटून डोणीत पडला. पाण्यात पडून तो वाजत राहिला, हा त्या कंपनीचा मोठेपणा.

मी रिक्षाने पोचलो, तेव्हा तिला रापणकराच्या टेम्पोत निजवत होते. मला बघून म्हणाली, "कधीचा चित्र धाडलंय मी. तू काय तरी लिवलंस, ता फोन वाजलो तेवा कळला. पण वाचूक चष्मो नव्हतो. काय लिवलं होतंस रे?"

"येतंय, असां लिवलंय," मी म्हणालो.

खुब्याचं हाड मोडलं होतं. गोव्याला न्यावं की कोल्हापूरला, ही आमच्या जिल्ह्यात प्रत्येक दुखण्याबरोबर येणारी चर्चा रीतसर झाली, कोल्हापूर जिंकलं, शस्त्रक्रिया नीट झाली. ती रुग्णालयात असताना मी एका दुपारी फोन घेऊन बसलो आणि घसरगुंडीवाल्याकडे पहिल्यांदा सरळ बघितलं.

नॉर्वेत त्रो नावाच्या बेटावर खडकात कोरलेला एक स्कीवाला आहे. पाच हजार वर्षांपूर्वीचा म्हणतात. स्की हा शब्दही तिकडच्याच जुन्या भाषेतला. अर्थ, चिरलेलं लाकूड. १९९४ च्या लिलेहामर ऑलिंपिकच्या खेळचित्रांना प्रेरणा मिळाली ती या खडकावरच्या गड्यावरून. २०१६ साली दोन पोरांनी ते चित्र नीट दिसावं म्हणून त्याच्या रेघा दगडाने खरवडून गडद केल्या, आणि ते कायमचं बिघडवून ठेवलं. हेतू चांगला होता. मला ती बातमी वाचताना आपले दोन सख्खे समव्यवसायी भेटल्यासारखं झालं. जे आहे ते अधिक स्पष्ट करायला जायचं आणि त्याचा सत्यानाश करायचा, हाच आमचा व्यवसाय.

आणि नॉर्वेला कशाला जायला हवं? आमच्या मालवण तालुक्यातच कुडोपीच्या सड्यावर जांभ्या दगडात कातळशिल्पं आहेत. २०२२ साली कोकणातल्या ज्या कातळशिल्पांची नावं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, त्यांत कुडोपी आहे. माणसासारख्या आकृती आहेत; पण कुणी, कुणाला, काय सांगण्यासाठी त्या खोदल्या, हे सांगणारं आज कुणी नाही. चित्र जसंच्या तसं उरलं. ज्याला ते कळत होतं तो शेजारी उरला नाही. उलट समोर सिंधुदुर्ग किल्ल्यात शिवाजी महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा म्हणून जपलेला आहे, त्याला आपण सगळे नमस्कार करतो. एका तळव्याच्या खुणेत काय आहे, हे कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. कारण ते सांगणारी माणसं साडेतीनशे वर्षं सलग तिथे आहेत.

म्हणजे चित्रात अर्थ नसतोच की काय? मला वाटतं, थोडासाच असतो. बाकीचा, ते धाडणारी माणसं पावणेसातला कुठे असतात, हे ठाऊक असणाऱ्याकडे असतो. आत्ये सोडून बेचाळीस जणांनी ते चित्र बघितलं. एक्केचाळीस जणांनी जगमान्य अर्थ लावला, आणि तो चूक होता.

आता खरा प्रसंग पुढेच आहे. आत्ये बरी होऊ लागली, आणि ग्रुपवर ठराव झाला, की तिने आता एकटीने राहायचं नाही. वायरीचं घर बंद करायचं आणि तिला ठाण्याला न्यायचं. सगळ्यांनी अंगठे दाखवले. मीही दाखवला. मनात अपराध होता ना! दुसऱ्याला सुरक्षित ठिकाणी हलवलं, की आपल्या अपराधावर पांघरूण पडतं. ती पूर्वी एकदा पंधरा दिवस ठाण्याला राहून आली होती. तेव्हा आल्या आल्या तिने विहिरीचं पाणी काढून प्यायलं होतं आणि कुणाशी तासभर बोलली नव्हती. हे मला माहीत होतं. तरी दाखवला.

हा ठराव सांगायला मीच गेलो. आत्ये खाटेवर बसून चष्मा लावून जुने निरोप वाचत होती. नेमकी सहा पन्नासच्या निरोपावर पोचली होती.

"रसिक म्हणजे काय रे?"

मी सांगितलं. सगळंच सांगितलं, टेम्पोपाशी खोटं बोललो तेही. ती रागावली नाही. चष्मा काढून पदराने पुसत म्हणाली,

"मी काय सांगूचा ता सांगलंय. तुमका माझा चित्र कळाक नाय, म्हणान मी माझा घर सोडूचा?"

माझ्या समीक्षेवर आजवर एवढी नेमकी टीका कुणी केलेली नाही. मी तिथल्या तिथे अंगठा मागे घेतला. ठाण्याच्या मुलाशी आठ दिवस वाद झाला. तो काही दुष्ट नाही. तोही त्या हसणाऱ्या तोंडाखाली अंगठा दाखवून बसला होता आणि त्याला झोप येत नव्हती. शेवटी पावसाळ्यापुरती मुदत ठरली, आणि त्याने पैसे पाठवले. धुण्याचा गुळगुळीत दगड काढून खरखरीत चिरे बसवले. विहिरीपासून पडवीपर्यंत धरायला पाइप लावला. रापणकराचा नंबर असा टाकला, की एक कळ दाबली की त्याचा फोन वाजावा. आणि एक शब्दकोश ठरला, दोन शब्दांचा. रोज सातच्या आत आत्येने ग्रुपवर नारळ धाडायचा. नारळ म्हणजे, बरी आसंय. घसरगुंडीवाला म्हणजे, पडलंय, येवा. तिसरा कुठलाही अर्थ लावणाऱ्याला ग्रुपवरून काढण्यात येईल. या दुरुस्तीची प्रत युनिकोडला पाठवलेली नाही.

आत्येने एकच तक्रार केली, "रोज सकाळी मी जिती आसंय म्हणान नारळ फोडूचो." पण धाडते. मीही आता पावणेसातला उठून फोन घेऊन बसतो. कुठल्याही कवितासंग्रहाची एवढी वाट मी बघितलेली नाही.

आषाढात एके सकाळी सात वाजून गेले तरी नारळ आला नाही. सात पाचला फोन लावला, लागेना. रापणकराचाही लागेना, रात्रभर वारा-पाऊस होता, टॉवर गेला असावा. हिने नुसतं माझ्याकडे बघितलं. मी छत्री न घेता निघालो. रिक्षा मिळाली ती वायरीच्या वळणापर्यंत. तिथे माड आडवा पडलेला. पुढे चालत, खरं म्हणजे पळत गेलो. गेट ढकललं, 'आत्ये!' म्हणून हाक मारली, आणि खळ्यातल्या शेवाळावर माझे दोन्ही पाय डावीकडे गेले, बाकीचा मी उजवीकडे. हात हवेत, चष्मा तिरपा. विरी नव्हती एवढंच.

पडवीत आत्ये उभी होती. दोन्ही हातांत डॉक्टरांनी दिलेल्या काठ्या, डोळ्यांवर मोतीबिंदूच्या तपासणीनंतर दिलेला तो काळा मोठा चष्मा, अंगाला किंचित पुढे झुकवून. मला क्षणभर वाटलं, जपानी टीव्हीच्या नकाशातली ती खूण आपल्या पडवीत येऊन उभी आहे.

"लायट रात्री गेली ती येवक नाय," ती म्हणाली. "माझ्या फोनाक चार्जिंग नाय रे. आता तूच घाल ता चित्र."